अंगठेबहाद्दर

ड्रॉइंगचे मास्तर निवृत्त होतात, त्यांचा अंगठा होत नाही. शाळा सुटते, फळा सुटतो, पेन्शन सुरू होतं, तरी तो अंगठा पेन्सिलीवर वरखाली सरकत राहतो आणि एक डोळा मिटलेला तो मिटलेलाच. असा मनुष्य महाराष्ट्रात गावोगाव निदान एक तरी असतोच. आमच्या वाट्याचा डोंबिवलीत, आमच्याच सोसायटीत, तळमजल्यावर राहतो. मोठी माणसं त्यांना 'सर' म्हणतात आणि सोसायटीतली कार्टी पाठीमागे 'अंगठेबहाद्दर' म्हणतात. ए.टी.डी. झालेल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे अपमानच. पण हे सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बरोबर आहे. सही खोटी करता येते, अंगठा नाही करता येत."

सरांच्या झब्ब्याच्या खिशात फोर-बी पेन्सिल असते. ब्लेडनं तासून तासून तिचं शिसं बोटभर बाहेर काढलेलं, त्यामुळे त्यांचे सगळे झब्बे खिशापाशी काळे. समोर देऊळ येवो, म्हैस येवो की व्याही येवोत, सर उजवा हात खांद्यातून ताठ पुढे काढतात, डावा डोळा मिटतात, पेन्सिलीचं टोक त्या वस्तूच्या माथ्याला भिडवतात आणि अंगठा सरकवत पायथ्याशी आणतात. मग तेच माप शेजारच्या वस्तूवर फिरवतात. कोपर वाकलं की माप गेलं, ही त्यांच्या शास्त्रातली पहिली ओळ. कारण पेन्सिल डोळ्याच्या जवळ आली की म्हैस लहान मोजली जाते आणि लांब गेली की मोठी. म्हशीला याची कल्पना नसते.

हे सगळं वर्गात ठीक. रस्त्यात हात ताठ केला की रिक्षा थांबतात. मानपाडा रोडवर एकदा सर नव्या टॉवरचे मजले आणि शेजारचा नारळ यांचा मेळ घालत होते, तर मागे रिक्षांची रांग लागली आणि पुढचा रिक्षावाला मीटर टाकून मोकळा झाला. बसस्टॉपवरचा मिटलेला डोळा तर एका बाईंना भलताच वाटला. बाईंनी चप्पल काढली. सरांनी शांतपणे चप्पल मोजली, बाई मोजल्या आणि म्हणाले, "तुमच्या मानानं दोन नंबर मोठी घेतलीय."

सरांच्या एका प्रश्नावर आमच्या भागातल्या दोन पिढ्या वाढल्या. कुणी काहीही मोठं म्हणालं की सर विचारणार, "मोठं? कुणाच्या शेजारी?" त्यांचं म्हणणं असं की एकटी वस्तू मोठीही नसते आणि लहानही नसते. तिचं माप शेजारी ठरवतो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनी अर्धी डोंबिवली बसवली. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर बादली, तिच्यापुढे पितळी तांब्या, त्याच्यापुढे दोन कांदे आणि एक वांगं. पोरं सरळ तांब्याला हात घालायची. सर गरजायचे, "तांब्या नंतर! आधी सांग, एका बादलीत किती तांबे?" त्यांना उंची विचारायची असायची. पण घरी पाणी भरणारा एक मुलगा ताडकन "अकरा" म्हणाला आणि त्याचं कुठे चुकलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कागदाच्या कोपऱ्यात एवढासा तांब्या काढणाऱ्याला सर विचारायचे, "हा तांब्या आहे की लसणाची पाकळी?" आणि ज्याची बादली कागदात मावायची नाही त्याला, "हिची कडी काय परीक्षक घरून आणणार आहेत?"

स्मरणचित्रात माणसं आली की डोकी मोजणं आलं. टाळूपासून हनुवटीपर्यंत एक डोकं. वाढलेला माणूस अशी साडेसात डोकी उंच. चित्रकार त्याला देखणा करायला आठ धरतात, फॅशनवाले नऊपर्यंत ताणतात. वर्षाचं मूल मात्र जेमतेम चार डोक्यांचं, म्हणून माणूस लहान काढला की मूल होत नाही. एका कॅलेंडरवरचा बाळकृष्ण बघून सर म्हणाले होते, "हा बाळकृष्ण नाही, हा लहान चणीचा हेडक्लार्क लोणी खातोय." डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, पण पोरं ते हटकून वर चढवतात आणि कपाळाला जागाच ठेवत नाहीत. "अरे, मेंदू कुठे ठेवायचा त्यानं?" एवढं बोलून सर त्या माणसाला शस्त्रक्रिया करून कपाळ द्यायचे. एकदा प्रार्थनेच्या वेळी वर्गानं सरावासाठी हेडमास्तरांना मोजलं. सहा भरले. टोपीसकट साडेसहा. ही बातमी हेडमास्तरांपर्यंत पोचली आणि त्या वर्षी चित्रकलेला रंगाच्या बाटल्या मिळाल्या नाहीत.

पण शाळेच्या चार भिंतींत हे शास्त्र काहीच नव्हतं. त्याचा खरा बहर निवृत्तीनंतर आला, कारण तेव्हाच गावात फ्लेक्स आले.

नाक्यावरचा फ्लेक्स सर पेपरासारखा वाचतात. मजकूर वाचत नाहीत, डोकी मोजतात. वाढदिवस कुणाचाही असो, कुणाचं डोकं केवढं, त्यावर सगळं राजकारण. वरच्या ओळीत श्रेष्ठींची डोकी सुपारीएवढी, मधे उत्सवमूर्ती आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून पासपोर्ट आकारातला सबंध वॉर्ड. "ह्यात नवं काय आहे?" सर म्हणतात. "इजिप्तमधे अबू सिंबेलला जा. रामसेस राजानं स्वतःचे चार पुतळे बसवलेत, एकेक वीस मीटरचा. राणी, आई, मुलं सगळी पायाशी, गुडघ्याच्या वर कुणी नाही. फ्लेक्सवाला पोरगा त्याच घराण्यातला. फक्त दगडाऐवजी प्लास्टिक." एका दिवाळीला एका युवा नेत्याचं डोकं त्याच्या अध्यक्षाच्या पाऊणपट होतं. पाडव्याला ते बरोबरीला आलं. सरांनी अंगठा सरकवला आणि सांगून टाकलं, "हा पक्ष बदलतोय." मे महिन्यात त्यानं बदलला.

मी फ्लॅट बघायला निघालो तेव्हा कोणीतरी अनुभवी माणूस बरोबर असावा म्हणून सरांना नेलं. सँपल फ्लॅट म्हणजे राजवाडा! हॉल ऐसपैस, बेडरूममधे पलंगाभोवती फुगडी घालता येईल एवढी जागा. सेल्सच्या मुलीनं माहिती सांगायला सुरुवात केली तोवर सर चपला काढून पलंगावर आडवे झाले होते. सरांची उंची पाच फूट चार इंच. घोट्यापासून पुढे पाय बाहेर. "अंथरूण पाहून पाय पसरले बघ," ते झोपल्या झोपल्या मला म्हणाले, "आणि पाय पाहून अंथरूण कळलं. पलंग पाच फुटी आहे." मग अंगठा निघाला. डायनिंग टेबल काचेचं, म्हणजे जागा अडवली तरी दिसत नाही. सोफा एका वितीनं उथळ. एका भिंतीला आरसा. खोल्यांना दारंच नाहीत, कारण दार उघडलं की किती जागा खातं ते दिसलं असतं. माहितीपत्रकातल्या चित्रात सोफ्यावर एक बाई बसलेल्या होत्या. सरांनी खिडकीची उंची धरून त्यांना मोजलं. बाई उभ्या राहिल्या असत्या तर सव्वातीन फूट भरल्या असत्या. सरांनी पेन्सिलीनं तिथेच, त्या चित्रात, खऱ्या मापाची बाई काढून दाखवली. तिचं डोकं पंख्याला लागत होतं. सेल्सच्या मुलीनं चहा मागवला होता, तो परत पाठवला.

मंडळात मात्र सरांना मान आहे. ते आमच्या गणेशोत्सवाचे कायमचे सल्लागार, म्हणजे ज्यांचं ऐकायचं नसतं ते. दर जुलैत बैठकीला एकच विषय: पलीकडच्या मंडळाचा किती फुटी? एका वर्षी ठराव आला की आपली दहा फुटी मूर्ती थेट वीस करू. खजिनदारानं बजेट दुप्पट धरून आणलं होतं.

सर म्हणाले, "उंची दुप्पट केलीत की रंगवायचं अंग चौपट होतं आणि माती आठपट."

"सर, पीओपीची असते. आतून पोकळ."

"पोकळ तर मंडळही आहे. म्हणून खर्च कमी झालाय का?"

मग सरांनी दुसरा मुद्दा काढला. वीस फुटी मूर्ती चिंचोळ्या गल्लीत बसवली की पायाशी उभ्या राहिलेल्या माणसाला पायाचे अंगठे दिसतात, पोट दिसतं आणि पोटामागे बाप्पा आहेत अशी श्रद्धा ठेवावी लागते. खालून बघताना वरचा भाग आखडतो, म्हणून जाणते कारागीर तो मुद्दाम थोरला घडवतात. ताजमहालाच्या दारावर जसजसं वर जावं तसतशी अक्षरं मोठी कोरलीत, तेव्हा कुठे खालून ती सगळी सारखी दिसतात. मायकेलअँजेलोचा डेव्हिड सतरा फुटांचा, त्याचं डोकं आणि हात अंगाच्या मानानं मोठे. तो चर्चच्या छताशी उंचावर चढवायचा होता म्हणून तसं केलं, असं पुष्कळ जण म्हणतात.

"तो कुठल्या मंडळाचा?" खजिनदारानं विचारलं.

"फ्लॉरेन्सच्या," सर शांतपणे म्हणाले. "तिथेही मंडळच होतं. १५०४ साली मूर्ती कुठे बसवायची यावर बैठक झाली. लिओनार्दो होता, बॉतिचेल्ली होता. छत राहिलं बाजूला, शेवटी राज्यकारभाराच्या वाड्याच्या दारात बसवली."

लिओनार्दो असूनही आधी ठरलं काय आणि झालं काय, हे ऐकून कार्यकर्त्यांना परकं वाटेनासं झालं. कुणीतरी जोरात येऊन सरदार पटेलांच्या पुतळ्याचा दाखला दिला. सर म्हणाले, "घडवणारे राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, त्यांना नमस्कार. पण उंची १८२ मीटर का? गुजरात विधानसभेच्या जागा १८२ म्हणून. महाराष्ट्राच्या २८८ आहेत, हे कृपा करून बाहेर कुठे बोलू नका."

अंगकाठीवर तर ते जास्त तापतात. जुन्या शिल्पशास्त्रात मूर्तीचं माप तालात असतं आणि ताल म्हणजे त्याच मूर्तीच्या चेहऱ्याची लांबी. त्यामुळे तळहातावरचा गणपती आणि वीस फुटी गणपती एकाच हिशेबात बसतो. देव नऊ तालांचे, गणपती पाच तालांचा, म्हणजे बाळाच्या चणीचा. "म्हणून तर त्याच्यापुढे हात जोडताना हसू फुटतं," सर म्हणतात. "तुम्ही बाहुबलीच्या धडावर सोंड चिकटवता आणि पोट कुठे गेलं म्हणून विचारलं तर जिमला गेलं म्हणता."

त्यांचं ऐकलं गेलं ते एकदाच, आणि तेही सरकारनं ऐकवलं म्हणून. २०२० साली सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा आली. पोरांनी चार फुटी मूर्ती आणली आणि गेल्या वर्षीच्या हिमालयाच्या पडद्यापुढे, गेल्या वर्षीच्याच चौथऱ्यावर ठेवली. पुढे गेल्या वर्षीचाच थर्माकोलचा मोदक, मूर्तीच्या खांद्याला लागेलसा. बाप्पा हरवलेच. सर आले, हात ताठ केला आणि म्हणाले, "मूर्ती लहान नाही. शेजार वाईट आहे." त्यांनी हिमालय काढायला लावला, मोदक हलवला आणि मूर्ती जिन्याखालच्या बुटक्या कमानीत नेली. मागे साधा पांढरा पडदा, पुढे वीतभर समया, ताटलीत सुपारीएवढे मोदक आणि अंगठ्याएवढा उंदीर. कमानीत बसल्याबरोबर मूर्ती अशी काही वाढली की फाटकाबाहेरून कुणीतरी तक्रार केली. हवालदार टेप घेऊन आले. मोजली. चार फूट, अर्धा इंच कमीच. त्यांनी पुन्हा मोजली. सर म्हणाले, "टेप ठेवा साहेब. पेन्सिल देऊ का?"

माप घेणाऱ्या माणसाला कधी ना कधी माप सोडावं लागतं. सरांवर ती वेळ अजिंठ्याला आली. शाळेची सहल, सतरावं लेणं. भिंतीवर भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला परतलेला बुद्ध आणि त्याच्यापुढे यशोधरा आणि राहुल. बुद्ध प्रचंड, मायलेक एवढेसे. सहावीतल्या एका पोरानं शिकवल्याप्रमाणे हात ताठ केला, डोळा मिटला, अंगठा सरकवला आणि सगळ्या लेण्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, प्रमाण चुकलंय. ह्याचे मार्क कापा."

गाईड गप्प झाला. जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रिफिथ्सनं १८७२ पासून तेरा वर्षं विद्यार्थी घेऊन इथे नकला करून घेतल्या, त्यांत पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार होता. त्यांना कुणाला हे चित्र दुरुस्त करावंसं वाटलं नाही. ते काम आमच्या सहावी ब नं अंगावर घेतलं. सरांनी स्वतःची पेन्सिल काढली, मोजलं आणि हात खाली घेतला.

"माप बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण पेन्सिल तू आपल्या जागेवरून धरलीस. राहुलच्या जागेवरून धर. ज्या बापाला आजवर बघितलं नाही, तो दारात आलाय. केवढा दिसेल?"

पोरगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "तिथे दोरी लावलीय सर. जाऊ देत नाहीत."

पुढे सर फ्लेक्सवर बोलताना रामसेसच्या जोडीला हेही सांगू लागले. राजानं स्वतःला मोठं काढवून घेतलं आणि बुद्धाला दुसऱ्या कुणीतरी मोठं बघितलं, एवढाच काय तो फरक. सोसायटीच्या चित्रस्पर्धेत 'माझी शाळा' या विषयावर एका मुलीनं काड्यापेटीएवढी शाळा काढली आणि फाटकाबाहेरची भेळेची गाडी तिच्या चौपट. बाकी परीक्षकांनी तिला बाद केलं होतं. सरांनी पहिलं बक्षीस दिलं. म्हणाले, "हिला प्रमाण कळतं."

सरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, यावर वेगळं मत आहे. त्या म्हणतात, ह्या माणसाला बाजारात भोपळा आणायला पाठवला की तो 'तीन डोकी' आणतो आणि आम्ही घरात दोन.

सरांना पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा सोसायटीनं सत्कार ठरवला. सत्कार म्हटला की फ्लेक्स आला आणि फ्लेक्सचे पैसे देणारा आला. पैसे देणारे आमच्या वॉर्डाचे भावी नगरसेवक. गेली कितीएक वर्षं ते भावीच आहेत. त्यांनी फ्लेक्सवाल्या पोराला माप सांगितलं, "माझा फोटो सहा फूट. सरांचा दोन फूट घे." नाकापेक्षा मोती जड होणार हे पोराला दिसत होतं. पोरगा सरांचाच विद्यार्थी, एलिमेंटरीला सी ग्रेड. मान खाली घालून तो सरांकडे आला.

सर म्हणाले, "दे ना सहा फूट. पैसे त्यांचे आहेत. पण त्यांनी फोटो सांगितलाय, चेहरा नाही सांगितला. पायापासून उभा लाव."

पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग बोटांवर हिशेब केला. सहा फुटांत साडेसात डोकी. म्हणजे एक डोकं दहा इंचांच्या आत. आणि सरांचे दोन फूट म्हणजे खांद्यापासून वर, जवळजवळ सगळा चेहरा. ज्या प्रश्नासाठी परीक्षेत त्याचे मार्क गेले होते तो प्रश्न त्याला त्या मिनिटाला सुटला.

फ्लेक्स लागला. एका बाजूला सरांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला, कोल्हापुरी चपलेपासून गॉगलपर्यंत सबंध, हात जोडलेले भावी नगरसेवक, सरांना भेटायला लांबून चालत येत असावेत असे. साहेब गाडीतून उतरले आणि बराच वेळ बघत राहिले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

"वा!" ते म्हणाले. "एकदम भारदस्त! आजवर सगळे माझं नुसतं मुंडकंच लावायचे. पहिल्यांदा कुणीतरी अख्खा माणूस दाखवला."

त्यांनी जागच्या जागी तसेच आणखी दहा फ्लेक्स सांगितले. पोरानं वहीत ऑर्डर लिहून घेतली आणि सरांकडे वळून हळूच विचारलं, "सर, ठीक आहे ना?"

सरांनी अंगठा सरकवून बघितला. "साडेसात धरलंस, तिथे चुकलास," ते म्हणाले. "साहेब सहाच भरतायत. पण राहू दे, बी ग्रेड देतो."